आधी कागद, मग फोटो

पुण्यात 80 लाखांचा फ्लॅट एजंटमार्फत विकला, तर एक टक्का दलालीने 80 हजार आणि दोन टक्क्यांनी 1 लाख 60 हजार रुपये विकणाऱ्याच्या खिशातून जातात. एजंट जीएसटी नोंदणी केलेला असेल तर त्यावर 18 टक्के कर वेगळा. घेणाऱ्याकडूनही बहुधा तेवढेच घेतले जातात. नोब्रोकर, मॅजिकब्रिक्स, 99एकर्स, हाउसिंग डॉट कॉम अशा संकेतस्थळांवर घरमालकाला स्वतःच जाहिरात टाकता येते, त्यामुळे ही रक्कम वाचवावी असं कुणालाही वाटेल, आणि त्यात गैर काही नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेतला, आपल्या नावावरचा, वादात नसलेला फ्लॅट मालकाने स्वतःच विकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र एजंट ज्या कामाचे पैसे घेतो, ते सगळं काम त्या दिवसापासून आपल्या अंगावर येतं. त्यातलं सर्वांत सोपं काम म्हणजे जाहिरात टाकणं. अर्ध्या तासात ते उरकतं, म्हणून बहुतेक जण तेच आधी करतात आणि पुढे अडकतात.

अडकतात ते असे. शनिवारी जाहिरात चढते, रविवारी तीन कुटुंबं घर बघून जातात, त्यातल्या एकाला घर मनापासून आवडतं, आणि त्यांची बँक कागदांची यादी पाठवते. मग कपाटं उपसली जातात. मूळ करारनामा मिळतो, पण नोंदणीची पावती मिळत नाही. कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला कुणी आणलेलाच नसतो. शेअर सर्टिफिकेटवर अजून वडिलांचं नाव असतं. हे निस्तरेपर्यंत दोन महिने जातात, आणि तोवर ते कुटुंब दुसरीकडे टोकन देऊन मोकळं झालेलं असतं. मनासारखा ग्राहक पहिल्या आठवड्यात येतो आणि कागदांपायी निघून जातो, हे फार वेळा घडतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कागद, मग किंमत, मग फोटो.

कागदांत सर्वांत महत्त्वाची असते ती करारनाम्यांची साखळी. बिल्डरकडून पहिल्या मालकाने घेतलं तिथपासून तुमच्यापर्यंतचा प्रत्येक नोंदणीकृत करारनामा, त्याची इंडेक्स टू (दस्ताचा नोंदणी विभागाने दिलेला गोषवारा) आणि नोंदणीची पावती. मधली एखादी कडी हरवली असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते, पण तिला वेळ लागतो. 1980च्या दशकातल्या इमारतींत कमी किमतीच्या स्टॅम्प पेपरवर केलेले, नोंदणी न झालेले करारही सापडतात. असा करार तुमच्या साखळीत असेल तर गिऱ्हाईक बघण्याआधी वकील गाठा, कारण मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असल्यास त्यावर दंड चढत राहतो आणि घेणाऱ्याची बँक तिथेच थांबते. करारनाम्यांच्या जोडीला भोगवटापत्र, शेअर सर्टिफिकेट, चालू वर्षाची मिळकतकराची पावती, वीजबिल आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र लागतं. घरावर कर्ज चालू असलं तरी विक्री अडत नाही. बँकेकडून आजची शिल्लक आणि तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी लेखी घ्या. घेणाऱ्याची बँक तुमचं कर्ज आधी फेडते आणि उरलेले पैसे तुम्हाला देते.

वारशाने आलेल्या घराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. सोसायटीत नॉमिनी म्हणून आपलं नाव लागलं म्हणजे घर आपल्या मालकीचं झालं, असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. नॉमिनी हा सोसायटीच्या व्यवहारापुरता असतो, मालकी कायदेशीर वारसांची. दोन बहिणी आणि एक भाऊ असतील, आणि भाऊ नॉमिनी असेल, तर दोघी बहिणींची सही विक्रीच्या करारनाम्यावर हवी, नाहीतर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. फोनवर ‘आमची काही हरकत नाही’ असं म्हणणं कामाचं नाही. हा विषय घरातच, शांतपणे, जाहिरातीच्या आधी मिटवा. ग्राहक समोर बसलेला असताना भावंडांत हिश्श्याची बोलणी सुरू झाली तर घरही विकलं जात नाही आणि नातीही दुखावतात.

म्हाडा, सिडको किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या जमिनीवरच्या इमारतींचे हस्तांतराचे नियम आणि शुल्क वेगळे आहेत. तिथे त्या त्या कार्यालयात आधी चौकशी करा आणि लागणारी परवानगी व तिचा खर्च कोण करणार हे जाहिरातीतच सांगा.

आता किंमत. संकेतस्थळांवर आपल्या भागातल्या घरांचे जे आकडे दिसतात ते मागितलेले असतात, मिळालेले नसतात. वर्षभर पडून असलेली जाहिरात आणि कालच विकलं गेलेलं घर तिथे एकाच रांगेत दिसतात. खरा आकडा दुसरीकडे आहे आणि तो बघायला पैसे पडत नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची सोय आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर, सीटीएस नंबर किंवा मिळकत क्रमांक टाकला की त्या जागेवर नोंदवलेल्या दस्तांची यादी येते, आणि प्रत्येक दस्ताची इंडेक्स टू उघडून बघता येते. त्यात ‘मोबदला’ या ओळीत प्रत्यक्ष व्यवहाराची रक्कम असते, ‘बाजारभाव’ या ओळीत रेडीरेकनरने, म्हणजे शासनाच्या दरपत्रकाने, काढलेलं मूल्य, पुढे क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर 10.764 ने गुणलं की चौरस फूट मिळतात. गेल्या दोन वर्षांतले आपल्या इमारतीतले किंवा शेजारच्या इमारतीतले चार-पाच दस्त काढा आणि दर कारपेट चौरस फुटावर आणा. संध्याकाळ जाईल, पण ‘खालच्या मजल्यावरच्यांनी म्हणे 95 लाखांना विकलं’ या ऐकीव गोष्टीवर भाव ठरवण्याची वेळ येणार नाही. मागणी त्या दरापेक्षा पाच टक्के वर ठेवावी, फार फार तर सात. पंधरा-वीस टक्के चढवून ठेवलेल्या घराला फोन येत नाहीत, आणि तीन महिन्यांनी भाव उतरवला की बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘या घरात काही भानगड आहे का?’

रेडीरेकनरही बघून ठेवा. मुद्रांक शुल्क हे करारातली रक्कम आणि रेडीरेकनरचं मूल्य यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. तुम्ही घर रेडीरेकनरपेक्षा बरंच कमी भावात दिलं आणि फरक 10 टक्क्यांच्या सवलतीबाहेर गेला, तर प्राप्तिकरासाठी रेडीरेकनरचाच आकडा तुमची विक्रीची किंमत धरला जातो. जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत हे होऊ शकतं.

जाहिरातीचा मजकूर मालकाने स्वतः लिहावा. संकेतस्थळावरच्या ‘प्रशस्त, हवेशीर, मोक्याच्या ठिकाणी’ या तयार शब्दांना आता कुणी विचारत नाही. नमुना म्हणून हा मजकूर बघा:

‘कोथरूड, डहाणूकर कॉलनी. 2 बीएचके, कारपेट 610 चौ. फूट. तीन मजली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. भोगवटापत्र आहे. पूर्व-पश्चिम हवा, स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी. सोसायटीने दिलेली एका दुचाकीची जागा, चारचाकी रस्त्यावर लावावी लागते. मेंटेनन्स दरमहा 1,800. मागच्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं. कर्ज नाही, सर्व कागद तयार. अपेक्षा 82 लाख, समोरासमोर थोडं बोलता येईल. मी स्वतः मालक आहे. बघण्याची वेळ शनिवार-रविवार सकाळी 10 ते 1.’

यात लिफ्ट नाही हे तिसऱ्याच वाक्यात सांगितलं आहे, ते मुद्दाम. ज्यांना गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन राहायचं आहे ते फोन करणार नाहीत, आणि तुमचा व त्यांचा अर्धा दिवस वाचेल. जे येतील ते लिफ्ट नाही हे जाणूनच येतील, त्यामुळे दारात उभं राहून ‘लिफ्ट नाही म्हणून पाच लाख कमी करा’ हे बोलणं फार पुढे जात नाही. उणीव आधी सांगणं हा मालकाच्या जाहिरातीचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण एजंटांच्या जाहिरातींत ती जवळजवळ कधीच नसते.

क्षेत्रफळ कारपेटच द्या, बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप नको. आकडा करारनाम्यातून घ्या. पार्किंगबद्दल विशेष जपून लिहा. मोकळी किंवा स्टिल्टमधली जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं. ती जागा सोसायटीची असते. ‘आम्ही इतकी वर्षं तिथेच गाडी लावतो’ एवढ्यावर ती नव्या मालकाला मिळेल असं छापील वचन देऊ नका. सोसायटीचं वाटपपत्र असेल तर तसं लिहा, नसेल तर तेही लिहा. आणि घर कोणत्या जातीच्या, धर्माच्या, आहाराच्या माणसाला देणार याच्या अटी जाहिरातीत घालू नयेत. घेणाऱ्याची ऐपत आणि त्याचा शब्द एवढंच विकणाऱ्याने बघावं.

फोटो सकाळच्या उजेडात, सगळे पडदे उघडून, मोबाइल आडवा धरून काढा. ओट्यावरचा पसारा, दोरीवरचे कपडे आधी हलवा. बाथरूम, जिना आणि खिडकीतून दिसणारं दृश्य यांचेही फोटो द्या, कारण लोक त्याबद्दलच फोन करून विचारतात. मुलांचे फोटो, दारावरची नावाची पाटी, गाडीचा नंबर, कपाटाची तिजोरी यांतलं काही चित्रात येऊ देऊ नका.

जाहिरात फक्त संकेतस्थळावर टाकून थांबू नका. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सूचना फलकावर आणि इमारतीतल्या भाडेकरूंना आधी सांगा. शेजारणीच्या बहिणीला जवळ राहायला यायचं असतं, वरच्या मजल्यावरच्यांना मुलासाठी दुसरा फ्लॅट हवा असतो. या लोकांना इमारत माहीत असते, पाणी किती वेळ येतं माहीत असतं, आणि त्यांच्याशी व्यवहार लवकर होतो.

जाहिरातीसाठी वेगळं सिमकार्ड घ्या. पहिल्या दोन दिवसांत येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे एजंटांचे असतात. ‘माझ्याकडे डायरेक्ट पार्टी आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. नम्रपणे विचारा: तुमची दलाली कोण देणार? ‘पार्टीच देईल, तुमच्याकडून काही नको’ असं असेल आणि ते लेखी देत असतील तर घर दाखवायला हरकत नाही. पण तुमचे फोटो उचलून तेच घर दुसऱ्या भावाने स्वतःच्या नावावर टाकणारेही असतात. आठवड्यातून एकदा आपलं घर शोधून बघा आणि असं काही दिसलं तर संकेतस्थळाकडे तक्रार करून काढायला लावा. संकेतस्थळाचे विक्री प्रतिनिधीही पैसे भरायच्या योजना घेऊन फोन करतील. पहिले तीन आठवडे फुकट जाहिरातीवर काढा. चांगले फोटो आणि खरी किंमत असूनही फोन आले नाहीत, तरच त्या योजनांचा विचार करा.

खऱ्या ग्राहकाला घर दाखवण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारल्या की बरंच कळतं: स्वतःचे किती आणि कर्ज किती? हे विचारताना संकोच वाटतो, पण हिशेब समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. 80 लाखांच्या घरासाठी ते 64 लाख झाले. उरलेले 16 लाख घेणाऱ्याचे स्वतःचे हवेत. शिवाय पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्काचे 5 लाख 60 हजार आणि नोंदणी फीचे 30 हजार. म्हणजे जवळजवळ 22 लाख रोख नव्हे, तर खात्यात तयार हवेत. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तिथे 80 हजार वाचतात, हेही त्यांना सांगा. मुंबईत मुद्रांक शुल्काचा दर सहा टक्के आहे. अनेक तरुण जोडपी मुद्रांक शुल्काचा विचार न करता घर बघत फिरतात. त्यांना हा हिशेब तुमच्याकडून कळला तर त्यांचंही भलं होतं.

घर दाखवताना घरात दोघं तरी असा. ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील तर शेजाऱ्याला बोलावून ठेवा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, आणि करारनाम्याची पूर्ण प्रत, आधार, पॅन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. इंडेक्स टू आणि भोगवटापत्र एवढं पहिल्या भेटीनंतर पुरतं, बाकीचं टोकन झाल्यावर.

फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार आहे. फोनवरचा माणूस सैन्यात अधिकारी असल्याचं सांगतो, घर न बघता पसंत करतो, टोकन लगेच पाठवतो म्हणतो आणि क्यूआर कोड किंवा लिंक पाठवून ‘स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असं सांगतो. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. घर न बघता लाखो रुपये देऊ करणाऱ्या माणसाचा फोन तिथेच ठेवावा. चुकून काही घडलंच, तर वेळ न घालवता 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

किंमत ठरली की टोकन धनादेशाने किंवा बँक हस्तांतराने घ्या आणि त्याच दिवशी साध्या भाषेत लेखी समजुतीचा करार करा: एकूण रक्कम, कोणत्या तारखेला किती, नोंदणी कधी, ताबा कधी, कोणता खर्च कोणाचा, आणि कुणी माघार घेतली तर टोकनचं काय. घेणारा ‘थोडे रोख देतो, करारात कमी दाखवू’ असं सुचवेल. सरळ नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो.

इथून पुढे वकील हवाच. दलाली वाचली म्हणून वकिलाची फी वाचवू नका. सर्वांत नाजूक जागा इथेच आहे. घेणाऱ्याची बँक नोंदणीकृत करारनामा हातात आल्यावरच कर्जाचे पैसे सोडते. म्हणजे बहुतांश रक्कम मिळण्याआधीच तुम्ही दुय्यम निबंधकासमोर सही आणि अंगठा देऊन बसलेले असता. त्यानंतर कर्ज अडलं तर तो करार तुम्हाला एकट्याने रद्द करता येत नाही. रद्दलेखावर घेणाऱ्याची सही लागते आणि तो सही देईपर्यंत घर अडकून राहतं. म्हणून नोंदणीच्या आधी कर्जमंजुरीचं पत्र डोळ्यांनी बघा, बँकेच्या वकिलाने कागद तपासून झालेत का विचारा, घेणाऱ्याचा स्वतःचा पूर्ण वाटा नोंदणीपर्यंत खात्यात जमा करून घ्या, आणि ‘इतक्या दिवसांत उरलेली रक्कम न आल्यास’ काय होईल हे करारातच स्पष्ट लिहा. ताबा आणि किल्ली शेवटचा रुपया आल्यावरच. सामान ठेवायला, रंग काढायला म्हणून आधी किल्ली मागितली जाते. तेवढी भीड मोडावी.

सोसायटीला विक्रीची लेखी सूचना वेळेत द्या. आदर्श उपविधींनुसार विक्रीला सोसायटीचा ना-हरकत दाखला सक्तीचा नाही, पण बँका तो मागतात, म्हणून सचिवांशी आधीच बोलून ठेवा. महापालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्य जास्तीत जास्त 25 हजार रुपये आहे. त्यावर ‘देणगी’ मागितली गेली तर 9 ऑगस्ट 2001चा शासनाचा आदेश दाखवा.

कराचं गणित टोकनच्या आधीच सीएकडून करून घ्या. 50 लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात घेणारा एक टक्का टीडीएस कापतो, म्हणजे 80 लाखांवर तुमच्या हातात 79 लाख 20 हजार येतील. तो भरल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि आपल्या पॅनवर जमा दिसतो का बघा. मालक परदेशी राहत असेल तर कपात बरीच मोठी असते. त्यांनी प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी मिळवावं. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे असलेल्या घराच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. 23 जुलै 2024पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून 20 टक्के हा पर्याय आहे, दोन्हींत जो कमी तो. नफ्याचे पैसे विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातले, किंवा तीन वर्षांत घर बांधलं, तर सूट मिळते. सहा महिन्यांच्या आत ठरावीक रोख्यांत 50 लाखांपर्यंत गुंतवण्याचीही सोय आहे.

वारसांत वाद असेल, भोगवटापत्रच नसेल किंवा तुम्ही परदेशातून कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार करणार असाल, तर स्वतः विकण्याचा आग्रह धरू नका. तिथे जाणत्या माणसाला दिलेले पैसे वसूल होतात.

ताबापावतीवर सह्या झाल्या की त्याच दिवशी वीजमीटरवरचं नाव बदलण्याचा अर्ज नव्या मालकाकडून भरून घ्या, आणि ज्या ज्या ठिकाणी जाहिरात टाकली होती तिथून ती फोटोंसकट काढून टाका. ती तशीच राहिली तर फोन येतच राहतात, आणि ते फोटो वापरून तेच घर भाड्याने देतो असं सांगत कुणीतरी दुसऱ्याला फसवू शकतो.